गादीतलं लोखंड

एखाद्या माणसाले सुख द्याले जाव अन् त्यानं ते घेतलंच नाई, त त्याचं काय कराव? सांगा मले. दुख द्याचं असन त सोपं आहे, सारी दुनिया तेच करून राह्यली. मी सुख द्याले निघाली अन् माहं डोस्कं उठलं. माह्या सासूची गोठ आहे हे. तिचं नाव रुखमाबाई. अख्खं गाव तिले बाई म्हणते, म्हून मी बी बाईच म्हणतो.

आमचं गाव मूल गावाच्या अलीकडे, चंद्रपूरच्या रस्त्यापासून जरासं आत. सारा धानाचा पट्टा. बाई म्हणजे इथच्या रोवण्याची सरदार होती. आषाढात बाया चिखलात रांगेनं वाकून रोपं लावतात नं, त्या रांगेच्या मधात हे उभी राहे. कोणाची ओळ वाकडी गेली का हिचा आवाज धानाच्या तीन बांध्या पलीकडे आयकू जाये. वाकून वाकून कंबर गेली, पन "दुखते" हा शब्द तिच्या तोंडून कोणी आयकला नाई. दुसरी खोड म्हणजे नवी वस्तू वापराची नाई. नवं लुगडं ट्रंकेत. स्टीलच्या डब्यावरचं दुकानाचं कागद अजून तसंच. नवी चप्पल हातात धरून चालन अन् पायात काटा भरून घेईन. "काऊन घालत नाई जी?" म्हटलं त म्हणे, "झिजते." अवो बाप्पा, चप्पल झिजाचीच असते! पाय झिजवाचे असतात का?

मांगच्या पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरली अन् खुबा मोडला. ऑपरेशन झालं, सळाख टाकली, पन बाई काही धड उभी राह्यली नाई. वॉकर धरून मोरीपर्यंत जाते, बाकी सारा दिवस लोखंडी खाटेवर. पडून पडून माकडहाडापाशी कातडं लाल झालं, मंग काळं पडलं, मंग तिथी जखम झाली. चंद्रपूरच्या डॉक्टरनं पाह्यलं अन् मलेच झापलं.

"एकाच जागी भार पडून राहिला की तिथे रक्त पोचत नाही," तो म्हणे. "अजून वरवर आहे. हाडापर्यंत गेली तर या वयात जिवावर बेतेल. घडीघडी कूस बदलत जा, अन् अंगाखालची गादी आधी बदला."

कूस बदलाची म्हणजे माणसानं हाक त माराव! बाई हाक मारतच नाई. मी ओसरीत मशीनवर लोकाईचे ब्लाउज शिवत असतो, अन् हे अंदर दात आवळून पडलेली. जाऊन पाहाव त कपाळावर घाम. "सांगाले काय झालं होतं?" म्हटलं त म्हणे, "तुझ्या हातात काम होतं." आता अशा माणसावर रागवाव का त्याच्या पाया पडाव? मी रागावतो. तेवढं मले चांगलं जमते.

पहिले हवेची गादी आणली, मोटारीवर फुगणारी. लाईन गेली का गादी बसली. अन् आमच्या गावची लाईन म्हणजे रुसलेली सून, कधी माहेरी जाईन भरवसा नाई. वरून मांजरानं तिच्यात नख्या मारल्या. तिले ठिगळं लावून लावून मी कंटाळली, अन् बाई म्हणते, "पाह्य, म्या म्हटलं नव्हतं? माही वाकळच बरी." वाकळीखाली खाटेच्या पट्ट्या, पट्ट्यावर हाडं, हाडावर जखम. बरी म्हणे!

मंग एक दिवस नवऱ्याले घेऊन चंद्रपूरले गेली. नवऱ्याचं नाव मी घेत नाई, पन इथी घेतो, नाई त कोणाची गोठ चालू आहे तुमाले समजणार नाई. हेमराज. माणूस गरीब आहे. इतका गरीब का त्याचा मले कधी कधी संताप येते.

जटपुरा गेटाकडच्या एका दुकानात गेलो. तिथी गाद्याच गाद्या, भिताडाले टेकवलेल्या. हेमराज वांगे पाहावं तसं एकेका गादीले बोटानं दाबून पाहे अन् म्हणे, "हे चांगली आहे." साऱ्याच चांगल्या! म्या म्हटलं, "अवो, बाईले बोटावर थोडीच झोपाचं आहे?" अन् पदर खोचून मी सरळ आडवी झाली. कुशीवर. दुकानात दोन-चार गिऱ्हाईक होते, पाहत राह्यले. हेमराज दरवाज्याकडं पाहे, जसं काही मी त्याची कोणीच नाई.

नारळाच्या काथ्याची गादी पाह्यली, ते पाटावानी कडक, खांदा अन् खुबा दोन्ही टोचे. नुसत्या फोमची पाह्यली, तिच्यात मी अशी रुतली का उठता उठता जीव गेला. बाई त तिच्यातून वॉकर धरून बी निघाली नसती. मंग दुकानदारानं हायब्रीड दाखवली. खाली स्प्रिंगा, वर मऊ फोम. त्याच्यापाशी एक कापलेला तुकडा होता, त्यात सारं दिसे. म्हणे, "ताई, स्प्रिंग अंगाला तोलून धरते अन् फोम हाडाच्या जागी दबते. भार एका ठिकाणी पडत नाही." मी कुशीवर झोपली, खुबा जरासा खाली गेला, कंबर मोकळी राह्यली, खालून कोणी हात लावून धरला असं वाटलं. खरं सांगतो, उठावंसंच वाटलं नाई. पन दुकानदार शहाणा निघाला. म्हणे, "झोपणार कोण? सासूबाई? त्या बारीक असतील तर वरचा थर अजून मऊ पाहिजे. तुमच्या वजनावर पाहू नका." माह्या वजनावर बोलला, म्हून राग आला. पन गोठ बरोबर होती. बाई म्हणजे हाडाचा सापळा.

हेमराज म्हणे, "हायब्रीड नको वो. हायब्रीड धानाचं बी दुसऱ्या साली धड पिकत नाई." म्या म्हटलं, "तुमाले गादी पेराची आहे का?" तवा कुठी त्यानं खिशात हात घातला.

छोट्या टेम्पोत टाकून गादी घरी आणली. खाटेच्या पट्ट्या ढिल्या होत्या, त्यावर सुताराकडून फळ्या टाकून घेतल्या, का गादी मधात झोळ खाऊ नये. सारं नीट केलं. अन् प्लास्टिक काढाले हात लावला त बाईनं माहं मनगट धरलं.

"राहू दे."

"काय राहू दे?"

"प्लास्टिक. असंच राहू दे."

म्या म्हटलं झालं, ट्रंकेतलं लुगडं झालं, डब्यावरचं कागद झालं, आता गादीवरचं प्लास्टिक. हेमराज म्हणे, "दोन दिवस राहू दे, तिच्या मनासारखं." याच्या मायच्या मनासारखं! दोन दिवसाचा महिना झाला. चैत सरला, वैशाख लागला. आमच्या चंद्रपूरचं ऊन तुमाले माहीत आहे, पाखरू झाडावरून खाली पडते. त्या उन्हात ते बुढी प्लास्टिकवर पडलेली. कूस जराशी हालली का चर्र चर्र आवाज. पाठीखाली घामाचं तळं. चादर टाकली का घसरून पायथ्याशी गोळा होये. जखम कोरडी व्हाची ते ओली झाली, वासही येऊन राह्यला. पट्टी कराले दर आठवड्याले नर्सबाई येते, तिनं मले बाजूले घेऊन सांगतलं, "ताई, हे असंच राहिलं तर आता आत जाईल."

त्या दिवशी मी भांडली. बाईले काई म्हणाले ठेवलं नाई. "तुमाले माहं नाव खराब कराचं आहे का? उद्या लोक म्हणतीन सुनेनं सासूले सडवलं! सुख दिलं त घ्याले काय होते? देवानं हात दिले ते फक्त लोकाईले द्याले का?" प्लास्टिक फाडालेच निघाली मी. कैची हातात. अन् ते बाई, जिले आधाराशिवाय उठता येत नाई, ते कोपरावर उठून बसली अन् गादीवर दोन्ही हात पसरले.

"माहं अंग लागू देऊ नको तिले," म्हणे. "माहं अंग लागलं त मी गेल्यावर टाका लागन. प्लास्टिक असलं त प्लास्टिक टाका अन् गादी ठेवा. हेमराजले होईन."

म्या कैची खाली ठेवली.

आमच्या गावात असं आहे का माणूस मेलं त ज्या अंथरुणावर ते मेलं, ते घरात ठेवत नाई. गादी, वाकळ, उशी, सारं नाल्यापलीकडे नेऊन टाकतात. हे मले माहीत होतं. पन बाई तेच मनात धरून बसली असन, हे माह्या डोस्क्यात आलंच नाई. मले वाटलं कंजूसपणा करून राह्यली.

मंग तिनं सांगतलं. माहे सासरे लटारू, हेमराज अंगावर पिता होता तवा गेले. कावीळ झाली होती. पूस महिना. घरात एकच गादी होती, घरच्या कापसाची, बाईच्या लग्नात भरलेली. सासरे त्याच गादीवर गेले. भावकीतल्या लोकाईनं ते उचलली अन् नाल्यापलीकडे टाकली. त्या थंडीत बाई दोन लेकरं घेऊन धानाच्या तणसावर झोपली, वरून बारदाना. दुसऱ्या दिवशी दुपारी गुपचूप नाल्यावर गेली, गादी आणाले. गादी होती तिथी. ओली झाली नव्हती, फाटली नव्हती. बाईनं एक टोक हातात धरलं अन् सोडून दिलं. लोक काय म्हणतीन म्हून. तवापासून हेमराजची छाती कमजोर, थंडी आली का खोकलते.

"अवो बाई," म्या म्हटलं, नेहमीपेक्षा जोरात, "आता घरात चार गाद्या आहेत. तणसावर कोण झोपून राह्यलं?"

"असतीन," म्हणे. "पन हे चांगली आहे नं. म्या झोपून पाह्यलं. हे चांगली आहे."

आता सांगा, भिंतीवर डोस्कं आपटाव का नाई? चांगली आहे हे तिले समजलं, अन् चांगली आहे म्हूनच ते वापरत नव्हती!

मले राग आला तो आता तिचा नाई, दुसऱ्याचा. पत्रू काकाजीचा. हे माह्या सासऱ्याचे लहाने भाऊ, त्या दिवशी गादी उचलणाऱ्यात होते, अन् आज बी भावकीत त्याईचाच शब्द चालते. मी तशीच तरातरा त्याईच्या घरी गेली. म्या म्हटलं, "काकाजी, बाई मेली का तुमी गादी टाकाले लावणार आहे का नाई, ते आजच सांगा. तिच्यासमोर येऊन सांगा." काकाजी जेवून राह्यले होते, हातातला घास हातातच. म्हणे, "वयनी गेली का काय?" म्या म्हटलं, "गेली नाई, म्हून त इचारून राह्यली. मेल्यावर इचारून काय फायदा?"

दुपारी काकाजी आले. संगं इसरू भाऊ. कोणाच्या घरी मयत झालं का आंघोळ घालाची, तिरडी बांधाची, सारं इसरू भाऊच पाहतात, म्हून काय टाकाचं अन् काय ठेवाचं हे त्याईलेच इचारतात. दोघं खाटेच्या बाजूले खुर्च्या टाकून बसले. बाई खाटेवर पडलेली, डोळे उघडे, सारं आयकते. जित्या माणसाच्या उशापाशी बसून तिच्या मरणाची पंचायत! पन बाईच सगळ्यात शांत होती. हेमराज दारात उभा राहून नखं खाये.

काकाजी म्हणे, "मेलेल्याचं अंथरूण ठेवाचं नसते. बापजाद्यापासून आहे."

म्या म्हटलं, "अन् हे खाट? सासरे गेले ते गादी याच खाटेवर होती नं? खाट काऊन नाई टाकली?"

इसरू भाऊ म्हणे, "खाट लोखंडाची आहे पोरी. लोखंडाले सुतक नाई. लाकडाची बाज टाकतो, लोखंडी खाट धुऊन घेतो."

मी तिथंच धरली गोठ. "भाऊ, या गादीच्या अंदर बी लोखंडच आहे."

दोघांनी एकमेकाकडं पाह्यलं. "किती लोखंड?" इसरू भाऊनं इचारलं.

"अर्ध्याच्या वर. साऱ्या स्प्रिंगा आहेत."

काकाजी म्हणे, "दिसत त नाई." इसरू भाऊनं गादी वरून दाबली, बाजूनं दाबली, कान लावला. काकाजी म्हणे, "गादी म्हणजे गादी. आत सोनं असलं तरी गादीच." इसरू भाऊ म्हणे, "नाई, लोखंड असन त इचार करा लागते." अन् तेवढ्यात खाटेवरून बाईचा आवाज आला.

"मले बी दाखवा. मी मरन, अन् मंग हे म्हणतीन लोखंड निघालंच नाई. तवा मी थोडीच सांगाले येणार आहे?"

हेमराज तवा पहिल्यांदा बोलला. "अवो, उसवाल त वारंटी जाते!" म्या त्याच्याकडं अशी पाह्यली का तो पुन्हा नखाकडं वळला.

बाईले दुसऱ्या खाटेवर घेतलं. मशीनीच्या खणातून शिवण उसवाची आरी काढली, प्लास्टिक एका बाजूनं कापलं अन् नव्या कोऱ्या गादीची शिवण उसवाले बसली. उसवणं म्हणजे माह्या धंद्यात सगळ्यात वाईट काम, अन् ते मी फुकटात करून राह्यली, मेल्यावरच्या भांडणासाठी. पोट उकललं. वर फोम, खाली पाह्यलं त स्प्रिंगा, पन एकेक स्प्रिंग पांढऱ्या कापडाच्या पिशवीत शिवलेली.

काकाजी लगेच म्हणे, "हे त कापडच आहे."

मले वाटलं आता आरी काकाजीलेच टोचाव. एक पिशवी कापली, त स्प्रिंग टणकन उडून त्याईच्या मांडीवर पडली. काकाजी दचकले. मंग त्याईनं ते उचलली, दाबून पाह्यली, खाटेच्या पायावर वाजवली. लोखंडाचाच आवाज. इसरू भाऊच्या हातात दिली. इसरू भाऊनं बाईच्या हातात दिली. बाईनं मुठीत दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"अन् फोम?" काकाजीनं शेवटचं कुसपट काढलं.

इसरू भाऊनं बोट घालून पाह्यलं. "चिकटवलेला आहे. खाटेचा रंग आपण खरडून टाकतो का? नाई नं? मंग हा बी लोखंडाच्याच संगं गेला. वरची खोळ टाकाची, बाकी गोमूत्र शिंपून उन्हात ठेवाची अन् वापराची." झाला निकाल.

काकाजी उठले. दारापाशी थांबून म्हणे, "वयनी, तवा मले बी लोकाईनं सांगतलं तसंच केलं म्या." बाई म्हणे, "माहीत आहे भाऊजी." काकाजीनं चप्पल घातली अन् गेले.

म्या दाभण घेऊन गादीचं पोट शिवलं, धानाचं पोतं शिवतो तसं मोठ्या टाक्यानं, प्लास्टिक ओरबाडून चुलीपाशी फेकलं अन् चादर टाकली. हेमराज अन् मी मिळून बाईले कुशीवर ठेवलं. खुबा हळूच आत गेला. बाईनं डोळे मिटले. म्या इचारलं, "कसं वाटते जी?" पाह्यलं त झोपली होती. दिवसाढवळ्या, आमच्या बोलण्यात. म्या तिले दिवसाची झोपलेली कधी पाह्यली नव्हती.

मिरग लागला तवा नर्सबाई म्हणे, जखम भरून येऊन राह्यली, कडेनं नवं कातडं आलं. मी आनंदानं पट्टी गुंडाळत होती अन् बाई भिताडाकडं तोंड करून होती. तिथून म्हणे, "स्वाती, मले वाटते मी आताच काही मरत नाई."

"काऊन? काय झालं?"

"दुखत नाई नं. दुखे तवा वाटे, आज नाई उद्या जातोच आहे, कशाले कोणाले तरास द्याव. दिवस काढून राह्यली होती. आता यंदाचा रोवणा पाहाव म्हणतो. धुऱ्यावर खुर्ची टाकून देजा."

मले इतका राग आला, इतका राग आला! मी इतके महिने जखम भराले धडपडून राह्यली होती, अन् हे बाई त्याच खाटेवर पडून, माह्या डोळ्यासमोर, मुकाट्यानं जाऊन राह्यली होती. म्हून हाक मारत नव्हती! मी तिच्या पाठीवर हात ठेवला अन् घळाघळा रडली, अन् रडता रडता बी तिच्यावर ओरडलीच.

"मंग पाहा नं रोवणा! कोणी अडवलं तुमाले? दहा रोवणे पाहा! पन आता दुखलं का हाक माराची. समजलं का? माह्या हातात काम आहे म्हून पडून राहाचं नाई."

"हाव," बाई म्हणे. मंग म्हणे, "बदल त मंग कूस."